पायाळूचं आगाऊ बुकिंग

पोटातलं बाळ डोकं वर आणि बूड खाली करून बसलंय असं कळल्यावर सुभाषरावांनी सगळ्यात आधी इस्त्रीचा शर्ट घातला. अवघड काम इस्त्रीच्या शर्टाशिवाय होत नाही, हा त्यांचा एसटीतल्या चौतीस वर्षांचा अनुभव. वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी स्टँडात उभं राहून किती गाड्या पुढे घेतल्या, किती मागे घेतल्या आणि किती जागच्या जागी वळवल्या, याची गणती नाही. तेव्हा दोन-सव्वादोन किलोचं एक बाळ वळवणं म्हणजे काय मोठं, असं त्यांना मनापासून वाटलं. शिवाय निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि या दीड वर्षात त्यांच्या सांगण्यावरून घरातली एक खुर्चीसुद्धा कुणी हलवली नव्हती.

बाळ त्यांच्या लेकीचं. वृषाली पहिलटकरीण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी, जुन्नरला आलेली. नोकरी वनखात्यात, वनरक्षक. विहिरीत पडलेला बिबट्या वर काढताना काठावर दोर धरून उभी राहणारी ही पोरगी, पण ऑपरेशन हा शब्द ऐकला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. सोनोग्राफीचा कागद घेऊन ती दिवाणावर बसली आणि म्हणाली, "पप्पा, बिबट्या परवडला. मला पोट फाडून घ्यायचं नाही. काहीतरी करा ना."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते सुभाषरावांनी तिच्या पाठवणीतही पाहिलं नव्हतं. पाठवणीत रडले होते ते स्वतः, आणि रुमाल तिने दिला होता. आता त्यांचा नाइलाज झाला. "रडू नको," ते म्हणाले, "मी वळवतो."

बोलून बसले. मग शर्ट घातला.

खरं तर गावातल्या डॉक्टरांनी घाबरण्यासारखं काहीच सांगितलं नव्हतं. चौतिसावा आठवडा चालू आहे, बाळाला फिरायला अजून जागा आहे, बरीच बाळं आपणहून फिरतात, नाही फिरलं तर पुढे बघू, एवढंच. पण 'पुढे बघू' हे वाक्य सुभाषरावांनी नोकरीभर प्रवाशांना ऐकवलेलं असल्यामुळे त्याचा अर्थ त्यांना नीट ठाऊक होता. बाळ नेमकं कसं बसलंय, हे समक्ष विचारल्याशिवाय पुढचं काम होणार नाही म्हणून ते तडक सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांकडे गेले.

तिथे बायाबापड्यांची गर्दी. लेकीच्या पोटाचा विषय चारचौघांत मोठ्याने कसा काढणार? सुभाषराव डॉक्टरांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "साहेब, बाळाचं खाली काय आहे, तेवढं सांगून टाका. बाहेर कुठं बोलणार नाही." डॉक्टर ताडकन उठले. इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, ही भिंतीवरची पाटी त्यांनी बोटाने दाखवली, मग कायद्याचं कलम सांगितलं, मग शिक्षा सांगितली. सगळ्या बाया सुभाषरावांकडे बघू लागल्या. सोन्यासारखी नोकरी करणारी लेक वाढवलेल्या माणसावर हा आळ यावा, याचं त्यांना इतकं दुःख झालं की त्यांना बोलता येईना. म्हणून त्यांनी करून दाखवलं. बाकावर बसले, दोन्ही पाय छातीशी घेतले आणि डोक्याकडे बोट करून "हे वर", बुडाकडे बोट करून "हे खाली" असं म्हणाले. डॉक्टर हसायचे थांबले तेव्हा त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढून दिलं. सुभाषरावांनी ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे गाडी फलाटाला मागच्या बाजूने लागलीय." डॉक्टर म्हणाले, तसं म्हणा हवं तर.

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही, कारण ती सुभाषरावांनीच पोचवली. गल्लीतल्या सल्ल्याचं एक आहे, तो मागितला नाही तर लोकांना राग येतो आणि मागितला तर आपल्याला. इलेक्ट्रिकच्या दुकानातला गोरख मोबाईलवर सगळं वाचून आला. बाळाला थंड आवडत नाही, उजेड आवडतो आणि आवाज आवडतो, असा त्याचा शोध. तेव्हा पोटाच्या वरच्या अंगाला बर्फासारखं काहीतरी ठेवायचं आणि खालच्या अंगाला उजेड नि आवाज सोडायचा, की बाळ आपसूक खाली वळून बघणार. सुभाषरावांना यात शास्त्र दिसलं. त्यांनी फ्रीझमधल्या मटाराच्या दोन पिशव्या टॉवेलात गुंडाळून लेकीच्या पोटावर वर ठेवल्या, खाली बॅटरी लावली आणि खाटेचे पायथ्याकडचे दोन पाय विटांवर चढवले. वृषाली पाच मिनिटांत उशीसकट भिंतीला जाऊन टेकली.

राहिला आवाज. गाणी लावून पाहिली, पण कोणतं गाणं याच्यावर बायकोशी, म्हणजे उज्ज्वलाबाईंशी, त्यांचं वाजलं. शेवटी आजोबांचाच आवाज बाळाने ऐकावा असं ठरलं. सुभाषराव लेकीच्या गुडघ्यापाशी स्टूल टाकून बसले, घसा खाकरला आणि त्यांच्या तोंडून चौतीस वर्षांची सवय बाहेर पडली. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. वरच्या बाजूस बसलेल्या प्रवाशाने आपले डोके खालच्या दाराकडे करावे." वृषाली इतकी हसली की मटार घरंगळले. आत बाळानेही जोरात पाय झाडले, आणि ते आपलं ऐकतं अशी सुभाषरावांची खात्री पटली. सात दिवस सकाळ-संध्याकाळ ही घोषणा झाली. आठव्या दिवशी नवी सोनोग्राफी झाली. बाळ जिथल्या तिथे, उलट मांडी घालून आणखी ऐसपैस बसलेलं. घरी आले तर उज्ज्वलाबाईंनी मटाराची उसळ केली होती. सारखे काढून ठेवून ते मऊ पडायला लागले होते, असं त्या म्हणाल्या. सुभाषराव जेवले, पण उसळीला हात लावला नाही.

समोरच्या घरातल्या ठकूबाई ऐंशीच्या पुढच्या. एके काळी अर्ध्या पेठेची बाळंतपणं त्यांनी केलेली. त्या तेल चोळून बाळ फिरवतील या आशेने सुभाषराव त्यांना बोलवायला गेले, तर म्हाताऱ्या बाईने त्यांनाच झापलं. "मी न्हाई हात लावायची. नाळ कुठं गुंडाळलीय, वार कुठं हाय, मला काय दिसतंय व्हय? आमच्या वक्ताला दुसरं कोण नव्हतं म्हणून आमी करीत व्हतो. आळेफाट्याला एक डॉक्टरीणबाई हाय, ती मशिनीत बघून हातानं वळवती म्हंत्यात. तिकडं जा." एवढ्यावर थांबल्या असत्या तर ही कथा इथेच आवरली असती. पण दारातून परत फिरता फिरता त्या म्हणाल्या, "न्हाईच वळलं तर राहू द्या. पायाळू निपजंल, लोकाच्या उपेगी पडंल."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जे मूल पायाकडून जन्माला येतं ते पायाळू. पायाळू माणसाने पाठीला लाथ मारली की उसण जाते, त्याला जमिनीतलं पाणी दिसतं आणि आभाळात वीज कडाडली की ती त्यालाच शोधत येते, असा आमच्या भागात पिढ्यानपिढ्यांचा समज आहे. सुभाषराव असल्या गोष्टी मानत नसत. त्यांचे व्याही भिमाजी मानत.

भिमाजी शिनोलीचे, मोठ्या घरचे शेतकरी. त्यांना जगात दोनच दुःखं. एक म्हणजे त्यांनी रानात घेतलेल्या तीन बोअर कोरड्या गेल्या, आणि दुसरं म्हणजे तिसरी बोअर कोरडी गेली त्या दिवशी त्यांच्या कमरेत जी उसण भरली ती आठ वर्षं निघाली नव्हती. ते काठीसारखे ताठ चालत, ताठ बसत आणि खाली पडलेली वस्तू दुसऱ्याला उचलायला लावत. ठकूबाईंचं वाक्य शिनोलीपर्यंत कसं गेलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भिमाजी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर. चेहरा असा फुललेला की उज्ज्वलाबाईंना वाटलं, चौथ्या बोअरला पाणी लागलं.

"इवाई," ते उभ्याउभ्याच म्हणाले, "आपलं नातवंड पायाळू हाय म्हंत्यात. वळवायचं न्हाई बरं का. देवानं दारात आणून ठिवलंय, त्याला तोंड फिरवायला सांगू नका."

सुभाषरावांनी शास्त्र सांगितलं. पहिल्या खेपेला बाळ असं बसलं तर बहुतेक डॉक्टर ऑपरेशनच करतात, हे सांगितलं. भिमाजी म्हणाले, मग करू द्या की. ऑपरेशन झालं तरी पाय खालीच व्हते ना, म्हणजे पायाळूच. आत वृषाली सगळं ऐकत होती. सासऱ्यांनी आणलेला पेढा तिने तसाच बशीत ठेवला. सुभाषरावांना ते दिसलं आणि त्यांचा जीव तुटला.

पुढच्या आठवड्यात प्रकरण फारच वाढलं. भिमाजींनी शिनोलीच्या दूध डेअरीवर ही बातमी सांगितली, आणि उसणवाल्यांनी जन्माआधीच नंबर लावायला सुरुवात केली. अकरा नावं झाली. पहिलं भिमाजींचं. एकाला नुसती लाथ नको होती, बाळाला त्याच्या रानात तासभर रांगवून पाण्याचा पॉइंट काढायचा होता. जुन्नरातही एक अनोळखी गृहस्थ कमरेला पट्टा बांधून दारात आले आणि बाळ कधीपर्यंत अपेक्षित आहे असं विचारून गेले. सुभाषरावांनी सवयीने सांगितलं, "वेळेवर आहे." मग स्वतःच्याच जिभेचा त्यांना राग आला. जावई ऋषी चाकणच्या कंपनीत होता. त्याला फोन केला की तो सासऱ्याला म्हणायचा, तुमचं बरोबर आहे. वडिलांचा फोन गेला की त्यांनाही तेच म्हणायचा. वृषालीचा फोन गेला की तो रेंज नाही म्हणायचा.

अशा परिस्थितीत सुभाषराव लेकीला घेऊन आळेफाट्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डॉ. इंद्रायणी पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफी केली आणि वृषालीकडे बघत सांगितलं की सदतिसावा आठवडा लागला की बाहेरून हाताने वळवून बघता येईल. इंजेक्शन देऊन पोट सैल करायचं, बाळाचे ठोके बघत राहायचं, शेजारी ऑपरेशनची खोली तयार ठेवायची. पहिलटकरणीत निम्म्याहून कमी वेळा जमतं. जमलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यातही काही वाईट नाही, हजारो बाया करून आपापल्या कामाला लागल्यात. मटार, बॅटरी आणि विटांबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्यानं काही बिघडत नाही. काही होतही नाही." सुभाषरावांनी घोषणेचा विषय काढलाच नाही.

मंगळवार ठरला. निघताना डॉक्टर सहज म्हणाल्या, त्या दिवशी संमतीची सही लागेल.

संमती, सही. हे शब्द कानावर पडताच सुभाषरावांच्या अंगात दीड वर्ष झोपलेला सरकारी माणूस खडबडून जागा झाला. सही कुणाची, एवढं विचारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण ज्याने आयुष्यभर कागद पुढे सरकवले त्याला असले प्रश्न पडत नाहीत. त्याला स्टँपपेपर आठवतो. बाळ तिकडच्या घराण्याचं, म्हणजे ना-हरकत तिकडच्या कर्त्या पुरुषाची, असा त्यांनी सरळ हिशोब केला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीसमोरच्या चिमाजीच्या टपरीवर जाऊन बसले.

चिमाजी दस्त टाइप करणारा. त्याच्याकडे खरेदीखताचा नमुना होता, बक्षीसपत्राचा होता, पण असला नव्हता. त्याने चष्मा पुसून विचारलं, "मिळकत स्थावर का जंगम?" सुभाषराव विचारात पडले. बसलंय म्हणजे स्थावर. पण वळवायचं म्हणजे जंगम. शेवटी 'तूर्त स्थावर' असं लिहिलं. मग चतुःसीमा आल्या, कारण त्या भरल्याशिवाय नमुना चांगला दिसत नाही असं चिमाजीचं म्हणणं. वरच्या बाजूस बरगड्या, खालच्या बाजूस ओटीपोट, डाव्या-उजव्या बाजूंस आई. हे लिहून झाल्यावर दोघांनाही बरं वाटलं. 'सदर बाळाची दिशा बदलण्यास लिहून देणार यांची कोणतीही हरकत नाही व पुढे घेतली जाणार नाही.' सुभाषरावांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका चोख कागद त्यांच्या हातून नोकरीतही झाला नव्हता.

तो घेऊन ते शिनोलीला गेले. भिमाजींनी कागद थोरल्या मुलाच्या लेकीकडून वाचून घेतला आणि सहीला साफ नकार दिला. मग अट घातली. बाळ वळवलंच तर चौथ्या बोअरचा पॉइंट सुभाषरावांनी काढून द्यायचा, आणि तसं कागदावर यायचं. सुभाषरावांना पाणी फक्त नळात दिसत असे. तरीही लेकीचा बशीतला पेढा डोळ्यांपुढे येऊन त्यांनी पेनाने मार्जिनमध्ये तेही लिहिलं. भिमाजी म्हणाले, "सही मंगळवारी, तिथंच. आधी त्या बाईचं त्वांड बगतो."

मंगळवारी सकाळी सुभाषराव, उज्ज्वलाबाई आणि वृषाली आळेफाट्याला पोचले तेव्हा दवाखान्याबाहेर शिनोलीची एक जीप उभी होती. भिमाजी आले होते, ऋषी आला होता, आणि बुकिंगवाल्यांपैकी चौघे आपल्या हक्काचं काय होतंय ते बघायला आले होते. चौघेही कंबर धरून. नर्सला वाटलं, हाडांच्या डॉक्टरांचे पेशंट चुकून इकडे आले. तिने त्यांना दोनदा पलीकडची बिल्डिंग दाखवली.

सुभाषरावांनी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून कागद काढला आणि टेबलावर पसरला. भिमाजी ताठ उभे राहिले. ऋषी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. सुभाषराव म्हणाले, सही करा. भिमाजी म्हणाले, आधी पाणी. आवाज चढले. एका बुकिंगवाल्याने आपलाही अंगठा कागदावर घ्यावा अशी मागणी केली. तेवढ्यात नर्स आली, तिने तो कागद उचलून बाजूला ठेवला, एक साधा छापील फॉर्म वृषालीपुढे धरला आणि पेन दिलं. वृषालीने फॉर्म शेवटपर्यंत वाचला. एक प्रश्न विचारला, बाळाला धोका झाला तर लगेच बाहेर काढता ना? नर्स म्हणाली, म्हणून तर खोली तयार आहे. वृषालीने सही केली.

"आणि आमची सही?" सुभाषरावांनी विचारलं.

"जिचं पोट तिची सही," नर्स म्हणाली. "तुम्ही बाकावर बसा."

वीस दिवस दोन तालुक्यांत धावपळ केलेल्या माणसाला बाकावर बस म्हणणं, याला काय म्हणावं? सुभाषराव बसले नाहीत. भिमाजींना एवढ्या बुटक्या बाकावर बसताच येत नव्हतं. आत पेशंटबरोबर एकच माणूस चालेल असं नर्सने सांगितलं तेव्हा ऋषी पुढे झाला, पण वृषालीने मान हलवली. "ह्यांना चक्कर येते. पप्पा, तुम्ही चला." उज्ज्वलाबाईंनी नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि त्याला आत ढकललं.

आत वृषाली टेबलावर झोपली होती. पोटाला पट्टे बांधलेले, आणि यंत्रातून बाळाच्या छातीचे ठोके खोलीभर ऐकू येत होते, घोडं दौडावं तसे. डॉक्टरांनी पोटावर जेल लावलं, एक हात खाली बाळाच्या बुडाशी रोवला, दुसरा वर डोक्याशी, आणि दाबायला सुरुवात केली. सुभाषरावांनी लेकीचा हात धरला होता. त्यांना कळायच्या आत त्यांच्या तोंडातून सुरू झालं, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, अजून येऊ द्या..." वृषालीला हसू फुटलं. पोट ताठ झालं, बाळ थोडं सरकलं होतं ते पुन्हा जागेवर जाऊन बसलं. डॉक्टरांनी हात काढले. "काका," त्या शांतपणे म्हणाल्या, "ती हसली की पोट घट्ट होतं. अजून एकदाच बघणार आहे मी. एक शब्द नको."

अजून एकदाच. लेकीने मागितलेली एकच गोष्ट, आणि तीही आपल्या तोंडाने घालवली. त्यांनी ओठ मिटले, दातांखाली धरले आणि डोळे लेकीच्या चेहऱ्यावर लावले. वृषालीने लांब श्वास घेतला. तिच्या कपाळावर घाम होता. "पप्पा, हात सोडू नका," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा हात लावले. या वेळी त्या घाई करत नव्हत्या. दाबायच्या, थांबायच्या, ठोके ऐकायच्या, पुन्हा दाबायच्या. बाळाचं बूड हळूहळू वर सुटलं. बरगडीखालचं डोक्याचं गोल टेंगूळ कडेला सरकलं. सरकलं ते कुशीपर्यंत आलं आणि अडलं. ठोके मंदावले. डॉक्टर थांबल्या. सुभाषरावांनी आयुष्यात इतका वेळ तोंड बंद ठेवलं नव्हतं. ठोके परत दौडू लागले. डॉक्टरांनी अंगठ्याने जरासं ढकललं, आणि एकदम, झोपलेलं माणूस कूस बदलतं तसं सबंध पोट वळलं. ते टेंगूळ डोळ्यांदेखत खाली गेलं. वृषाली ओरडली नाही, तिने फक्त तोंड उघडलं. डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

"डोकं खाली," त्या म्हणाल्या.

सुभाषराव तिथेच खाली बसले. ते रडत होते आणि हसत होते, आणि अजूनही एक शब्द बोलत नव्हते, कारण आता बोललं तर चालेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तासभर ठोके बघून झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. उज्ज्वलाबाईंनी बातमी ऐकून हात जोडले, ऋषी खरंच चक्कर येऊन बाकावर टेकला. बुकिंगवाले निराश होऊन जीपकडे निघाले. भिमाजी मात्र भिंतीशी ताठ उभे होते. ते कडवटपणे म्हणाले, "बाई, तुमी चांगलं केलं न्हाई. एक पायाळू गेला."

"गेला तर गेला," डॉक्टर म्हणाल्या. "मी आहे की. मी पायाळूच आहे, बाबा."

जीपकडे निघालेले चौघे जागच्या जागी थांबले.

डॉ. इंद्रायणी घाटाकडच्या एका वाडीतल्या. त्यांनी सगळं अगदी सहज सांगितलं. पाचव्या वर्षापासून सकाळी उठायच्या आधी दारात उसणवाले. लाथ मारल्याशिवाय शाळेला सोडत नसत, त्यामुळे पहिला तास कधी मिळालाच नाही. बरं वाटलं का विचारलं तर म्हणायचे, वाटतंय जरा. आणि आठ दिवसांनी परत यायचे. पाणी दाखव म्हणून रानोमाळ हिंडवायचे. एकदा पाय दुखले म्हणून त्या एका जागी बसल्या, तर तिथेच खणलं. कातळ लागला. पावसाळ्यात ढग गडगडले की घराच्या आतल्या खोलीत कोंडून ठेवायचे.

"हे सगळं झालं मी जगले म्हणून," त्या म्हणाल्या. "माझा एक पाय बाहेर आला आणि बाकी अंग आत अडलं. आई दीड दिवस तशीच. डोलीतून खाली आणली. ती वाचली, पण तिला परत मूल झालं नाही. लोकं माझ्या पायाचं कौतुक करायची तेव्हा ती उठून आत जायची. म्हणून हे शिकले."

भिमाजींनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. वृषाली कुशीवर झोपून पोटावर हात फिरवत होती. मग त्यांनी एक हात भिंतीला टेकवला आणि आठ वर्षांत न वाकलेला तो माणूस खाली वाकला. डॉक्टर मागे सरायच्या आत त्याने त्यांच्या पायाला हात लावला. "लाथ नगं, बाई," ते खालूनच म्हणाले. "माझी सून सांभाळली, लई झालं." आणि मग त्यांना वर येता येईना. सुभाषराव आणि ऋषी यांनी दोन बाजूंनी धरून त्यांना सरळ केलं तेव्हा ते विव्हळत होते, पण सुभाषरावांना ते पहिल्यांदाच जवळचे वाटले. शिनोलीच्या चौघांनी डॉक्टरांच्या पायाकडे एकदा आशेने पाहिलं. डॉक्टरांनी त्यांना पलीकडची हाडांची बिल्डिंग दाखवली.

तीन आठवडे बाळ वळवल्या जागी राहिलं. सुभाषराव रोज सकाळी चौकशी करत आणि आवाज मात्र मुळीच करत नसत, न जाणो, ऐकून पुन्हा वर बघायचं. कळा सुरू झाल्या त्या सकाळी सहाला. वृषालीने चौदा तास सोसलं, त्यात तिने ऋषीला, वनखात्याला आणि एकदा बिबट्यालाही शिव्या घातल्या. रात्री आठला मुलगी झाली. डोक्याकडून, सरळ, दोन-चार टाक्यांवर निभावलं.

नर्सने दुपट्यात गुंडाळलेली नात सुभाषरावांच्या हातात दिली. भिमाजी, ऋषी, उज्ज्वलाबाई भोवती उभे. सुभाषरावांनी मोठं भाषण तयार ठेवलं होतं, पण नातीचं तोंड डोळ्यांतल्या पाण्यात विरघळून गेलं. खाटेवर पडल्या पडल्या वृषाली त्यांच्याकडे बघत होती. ती दमली होती, केस विस्कटले होते आणि इतकी खूश दिसत होती की त्यांना तिच्याकडे बघवेना.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "उलटी धरलीय तुम्ही तिला."

खरंच. पाय कोपराच्या खोबणीत आणि एवढंसं डोकं बाहेरच्या तळहातावर. नर्स हात पुढे करून आली, उज्ज्वलाबाईही आल्या. सुभाषरावांनी मानेनेच सगळ्यांना थांबवलं. मग श्वास रोखून, एक हात मानेखाली आणि एक बुडाखाली घेऊन, एकही शब्द न बोलता, त्यांनी हळूहळू बाळ वळवलं.